गॅरेजमधली जादा प्रवाळं

ब्लफ, डर्बन
३ जून

प्रिय मिरेल,

ऑकलंडला टपालाने पत्र कधी पोचेल कोण जाणे, म्हणून हे हाताने लिहून त्याचे फोटो हेमीच्या फोनवर पाठवते आहे. तो तुला दाखवेल. जावई चांगला मिळालाय मला. डॅडीचा नंबर दिसला की तू फोन कापतेस, आणि माझाही त्याच घरातला म्हणून उचलत नाहीस. पण ममाचं अक्षर दिसल्यावर नजर फिरवणार नाहीस, असं मनाशी धरलं आहे.

कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नादेत आम्हाला सांगायच्या, पत्राची सुरुवात नेहमी चांगल्या बातमीने करावी. तर चांगली बातमी अशी की या वर्षी सार्डिन मासे लवकर आले. किनाऱ्यावर बायका स्कर्टांचे ओचे करून मासे भरत होत्या. मीही पिशवीभर आणले आणि तुझ्या आजीच्या पद्धतीने टोमॅटो, आलं, थाइम घालून रुगायचा रस्सा केला. डॅडी दोनदा जेवला.

दुसरी बातमी. डॅडीने गॅरेजमध्ये आणखी एक बिऱ्हाड थाटलं आहे. बैठकीतल्या माशांच्या मोठ्या टाकीत प्रवाळांना जागाच उरली नाही. वाढता वाढता ती एकमेकांना भिडतात, शेजारच्याला डंख मारतात, आणि हरलेलं पांढरं पडतं. म्हणून डॅडी त्यांची टोकं कापून दगडांच्या चकत्यांवर चिकटवतो. पण मग त्या तुकड्यांचं करायचं काय? फेकवत तर त्याला एकही नाही. शेवटी गवंडी सिमेंट कालवतात तो मोठा काळा टब त्याने जुन्या कामावरच्या दोस्ताकडून उचलून आणला आणि तुझ्या लहानपणीच्या पलंगाच्या लोखंडी चौकटीवर ठेवला. आत ऑफिसांच्या छतातल्या ट्यूबलाइटखाली असते ती प्लास्टिकच्या चौकड्यांची जाळी बसवली. एकेका चौकडीत एकेक तुकडा, होस्टेलातल्या मुलींसारखा. वर कुणीतरी टाकून दिलेला निळा दिवा, कडेला जुना हीटर, एक लहानसा पंप. विकत म्हणशील तर फक्त मीठ आणलं.

चॅट्सवर्थचा कुबेन मूडली, तो गणिताचा मास्तर, डॅडीसारखाच या नादाला लागलेला, बघायला आला होता. म्हणाला, "अंकल सेल, बैठकीत राजवाडा आणि इथे झोपडपट्टी?"

डॅडी म्हणाला, "माझ्या झोपडपट्टीत भाडं नाही. आणि वीज तुझ्या बंगल्यापेक्षा जास्त वेळ असते."

ते हसले. मला हसू आलं नाही. खरं सांगू? मला त्या गॅरेजची भीती वाटते. जमिनीवरून वायरी गेल्यात, त्यांच्यावर मीठ फुलून आलंय, आणि तुझा बाप स्लीपर घालून ओल्या हातांनी बटणं दाबतो. लोडशेडिंग रोजचंच. वीज गेली की इन्व्हर्टर किंचाळतो, आली की पंप खडखडतात. दर वेळी मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दाराशी जाते आणि त्याची सावली हलताना दिसली की परत येते.

त्याला काही बोलत नाही. तू बोलली होतीस आणि ते खरंच होतं. रोज वीज जाते, टाकी एकटी कशी सोडू, म्हणून जो बाप एकुलत्या एक मुलीच्या लग्नाला आला नाही, त्याला मी आणखी काय बोलणार? तुला वेदीपर्यंत नेलं ते एडवर्डकाकाने. ते मीही विसरलेले नाही.

डॅडीला जरा कणकण आहे. हवा बदलली की होतंच. काळजी करू नकोस.

तुझी ममा


७ जून

मिरेल,

मागचं पत्र लिहिलं तेव्हा डॅडीला कणकण नव्हती, बाळा. मी स्वयंपाकघरात बसून तुला सार्डिनचं लिहीत होते, आणि तो आत तीन ब्लँकेटांखाली दातांवर दात आपटत पडला होता. मला वाटलं, लिहिलं नाही तर ते तेवढं खरं होणार नाही. मूर्खपणा. आता खरं लिहिते. तो इस्पितळात आहे. श्वास घेताना त्याच्या छातीतून ओल्या पोत्यातून हवा जावी तसा आवाज येतो. मला फार भीती वाटते आहे.

झालं असं. मागच्या पुरात मेलेल्या दुसऱ्या, जुन्या टाकीचे दगड डॅडीने गॅरेजमागे पोत्यात भरून ठेवले होते. नव्या टबात तळाला घालू, विकत कशाला आणायचे, असा त्याचा हिशेब. त्या दगडांवर बटणं होती. आठवतात का तुला? शर्टाच्या बटणाएवढी प्रवाळं, हिरवी-नारिंगी, एकमेकांना चिकटून वाढणारी. भरती ओसरली की तो तुला खडकांवर न्यायचा, खेकड्याच्या बिळात हात घालू द्यायचा, पण बटणांजवळ गेलीस की असा ओरडायचा की तू रडत माझ्याकडे यायचीस. विष असतं त्यांच्यात. त्याला माहीत होतं, मिरेल. पण ही वाळून दुधाच्या करपलेल्या सायीसारखी झाली होती. मेलेल्यात विष कुठलं, असं त्याला वाटलं.

त्याने माझ्या मोठ्या करीच्या पातेल्यात पाणी उकळलं, दगडांवर ओतलं आणि ब्रशने घासत बसला. नैर्ऋत्येचा वारा सुटला होता, टबात वाळू जाईल म्हणून गॅरेजचं दार खाली ओढलेलं. चाळीस वर्षं बॉयलर बांधणारा माणूस. वाफेने सगळं स्वच्छ होतं, एवढीच त्याची आयुष्यभराची श्रद्धा.

मी जेवायला हाक मारायला गेले तेव्हा आत धुक्यासारखं होतं. मी दारात जराशीच उभी राहिले. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "योली, चहात नाणी उकळलीस का?" मी घोट घेतला. मलाही तोंडात लोखंडाची चव आली. आम्ही किटली बदलली.

इस्पितळात त्यांनी आधी फ्लू धरला. कुणीही तेच धरलं असतं, अर्धं शहर खोकतंय. काल कुबेन द्राक्षं घेऊन आला. व्हरांड्यात माझ्याजवळ बसून विचारू लागला, कधीपासून, कसं. मी म्हटलं, दगड धुतले त्या दिवसापासून.

"थंड पाण्याने ना, आंटी?"

मी पातेल्याचं सांगितलं. त्याच्या हातातली पिशवी हळूहळू मांडीवरून घसरली.

"दगडांवर काही होतं?"

"वाळलेली बटणं."

तो उठला आणि धावलाच. डॉक्टर झ्वाने म्हणून एक तरुण बाई आहे, केसांच्या बारीक वेण्या घालते. तिला तो हातवारे करून सांगत होता, आणि ती आधी वेड्याकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती. मग त्याचा फोन घेऊन उभ्या उभ्या वाचत राहिली. माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. म्हणाली, मिसेस रोझाली, या विषावर उतारा नाही. फुप्फुसं आणि हृदय सांभाळायचं आणि ते शरीरातून निघून जाईपर्यंत वाट बघायची. मी विचारलं, निघून जाईल ना? ती म्हणाली, "आम्ही त्यांच्याजवळून हलणार नाही." हे उत्तर नव्हतं, हे मला कळलं.

माझं रक्त घेतलं. मी बरी आहे. पण गॅरेजमध्ये पाऊल टाकायचं नाही, असं तिने बजावलं आहे.

हेमीला सांग, त्याचा निरोप मिळाला. तू वाचून उठून गेलीस, असं त्याने लिहिलं. एवढंही पुरे.

ममा


१० जून

मिरेल,

आज घराबद्दलच जास्त लिहिते. डॅडीला जास्तीचा प्राणवायू लावला आहे. नळी घालावी लागेल की नाही, ते अजून बघताहेत.

मी ठरवलं होतं की तो टब रिकामा करायचा. आत ब्लीचची बाटली ओतायची आणि दार बंद करून टाकायचं. कुबेनला फोनवर तसं सांगितलं, तर तो असा ओरडला की फोन हातातून पडला. मग माफी मागितली. त्या टबातही बटणं आहेत, आंटी, म्हणाला. अर्धा टब त्यांचाच आहे. तीच जास्त वाढतात, म्हणून त्यांचेच जादा तुकडे जास्त. जिवंत आहेत तोवर ती विष आपल्या पोटात ठेवतात. मेली, सडली, की पाण्यात काय उतरेल आणि ते पाणी कोण उपसेल?

"म्हणजे मी काय करू?"

"जगवायची, आंटी. मी ती नीट हलवेपर्यंत जगवायची."

ज्याने माझ्या नवऱ्याला त्या पलंगावर नेलं, त्यालाच मी घास भरवायचा?

तो काल आला. तोंडाला रंगाऱ्यांचा जाड मास्क, कोपरापर्यंत हातमोजे. गॅरेजचं दार बाहेरून वर केलं आणि वारा आरपार खेळू दिला. ते घासलेले दगड थंड पाण्यात बुडवून झाकणाच्या बादलीत भरून सील केले. मग मला आत बोलावलं. मी डॅडीचा पोहण्याचा काचेचा चष्मा घातला होता, तोंडाला ओला स्कार्फ बांधला होता, गळ्यात जपमाळ. कुबेन म्हणाला, "आंटी, तुम्ही टबाला घाबरता की टबाने तुम्हाला घाबरायचंय?" मी खूप दिवसांनी हसले, आणि मग तिथेच रडले.

त्याने शिकवलं ते असं. वीज गेली की इन्व्हर्टरची बॅटरी एकच पंप ओढते, तोही धापा टाकत. तेव्हा तो पंप टबाला. इथले मासेमार जिवंत आमिषासाठी बादलीत बुडबुडे सोडायचं छोट्या बॅटरीवरचं यंत्र ठेवतात, तसलं एक त्याने आणलं आहे, तेही टबाला. थंडी वाढली तर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत कोमट पाणी भरून टबात तरंगत सोडायच्या आणि टबाला ब्लँकेट गुंडाळायचं. पाण्यात हात घालायचा नाही, कशालाही नाही. आणि बैठकीतली मोठी टाकी? तिच्यासाठी पाण्याचा जग. वरून पाणी काढायचं आणि उंचावरून परत ओतायचं, म्हणजे हवा मिसळते. वीज येईपर्यंत ओतत राहायचं.

मी म्हटलं, मोठ्या टाकीत डॅडीचा जीव आहे, बॅटरी तिला लावू या. तो म्हणाला, "टाकीत अंकलचा जीव आहे आणि टबात तुमच्या जिवाला धोका आहे. तुम्हीच ठरवा." मी टब म्हटलं.

त्याला त्याच्या टाकीसाठी चॅट्सवर्थला परतायचं होतं, तिथेही वीज जातेच. तो गेल्यावर मी एकटी राहिले. आज सकाळी वीज गेली तेव्हा चष्मा-स्कार्फ बांधून गेले. बाटल्या सोडल्या. ब्लँकेट गुंडाळलं, तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसं, हाताच्या सवयीनेच. मग वीज येऊन दिवा लागला आणि ती बटणं उघडायला लागली, एकेक करत, केवढी सुंदर. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला फक्त पळून जावंसं वाटत होतं, तरी मी उभी राहून बघत राहिले.

तुझी आई


१३ जून

बाळा,

डॅडीला नळी घातली आहे. यंत्र श्वास घेतं आहे. ते झोपेचं औषध देतात, म्हणून त्याला काही कळत नाही, असं म्हणतात. मी हात धरते तेव्हा त्याचा अंगठा जरासा हलतो, म्हणून त्यांचं ते म्हणणं मी मानत नाही.

परवा दुपारी वीज गेली होती. मी बैठकीत उभी राहून जगाने पाणी ओतत होते. खांदा भरून आला होता. तुला सांगते, इतक्या वर्षांत मी त्या टाकीसमोर एवढा वेळ कधी उभी राहिले नव्हते. तो पिवळा मासा, डॅडी ज्याला मॉन्सिन्योर म्हणतो, पाण्याच्या धारेखाली येऊन उभा राहायचा. इतर मासेही वर आले होते, तोंडं उघडत, मिटत. मी मोठ्याने हेल मेरीच्या प्रार्थना म्हणत होते आणि प्रत्येकीला एक जग ओतत होते.

तेव्हा इस्पितळातून फोन आला. मिसेस रोझाली, तुम्ही लगेच येऊ शकाल का?

मी जग खाली ठेवला. मिरेल, मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. गॅस बंद केला की नाही तेही आठवत नव्हतं. रस्त्यावरचे सिग्नल बंद, प्रत्येक चौकात गाड्या एकमेकींना नाक लावून उभ्या. मी टॅक्सीवाल्याला म्हणत राहिले, बाबा, चल ना, आणि तो म्हणत राहिला, ममा, उडू का आता?

तिथे पोचले तेव्हा डॉक्टर झ्वाने नळी घालायच्या परवानगीचा कागद घेऊन उभी होती. मी सही केली. ती माझीच सही आहे की नाही, अशी आली.

वीज ठरलेल्या वेळी यायला हवी होती. पण आमच्या भागात कुठेतरी केबल जळली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ब्लफवर अंधार होता. मी इस्पितळातच होते. व्हरांड्यातल्या बाकावर.

आज घरी गेले. दार उघडताच वास आला. टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. सगळे मासे एका बाजूला. मॉन्सिन्योर पडद्याच्या सावलीत तरंगत होता. प्रवाळं उन्हात विसरलेल्या मेणबत्त्यांसारखी ओघळली होती. तुझ्या जन्माच्या वर्षी लावलेलं ते मोठं हिरवं, ज्याच्याशी डॅडी तुझी उंची मोजायचा, तेही.

गॅरेजमध्ये मात्र बुडबुड्यांचं यंत्र सुरू होतं. जादाचे सगळे तुकडे आपापल्या चौकड्यांत जिवंत आहेत.

कुबेन संध्याकाळी आला. बैठकीत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा नाक पुसत म्हणाला, "तुम्ही बरोबर केलंत, आंटी." मी काही केलंच नव्हतं. मी फक्त गेले होते.

प्रार्थना कर. त्याच्यासाठी करायची नसेल तर माझ्यासाठी कर.

ममा


१९ जून

प्रिय मिरेल,

नळी काढली. तो स्वतः श्वास घेतो आहे. देवाची कृपा, आणि त्या वेण्यांच्या पोरीची. आवाज मात्र गेलाय, घशातून खरखर तेवढी येते. कुबेन त्याला म्हणाला, "अंकल, नोकरीत पगार घेऊन वाफ खाल्लीत, आता फुकट का खाल्लीत?" तर डॅडीचे खांदे हलले, आणि लगेच यंत्राची घंटा वाजली, नर्सने कुबेनला हाकललं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं. पण नाही वाटत, आता निराळीच भीती आहे. शुद्धीवर आल्या आल्या त्याने हवेत दोन्ही हातांनी एक चौकोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. टाकी.

मी म्हटलं, ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकोन. मी म्हटलं, सगळे मजेत आहेत. मॉन्सिन्योर? त्याने ओठांनी विचारलं. मी म्हटलं, खातोय चांगला. मला नन्सनी वाढवलंय, मिरेल. लहानपणी खोटं बोलल्यावर जिभेवर मीठ ठेवायच्या त्या. माझ्या जिभेवर ते मीठ आता रोज असतं.

मी डॉक्टर झ्वानेला विचारलं. ती म्हणाली, हृदयाचे ठोके अजून सरळ नाहीत, मोठा धक्का नको, पण घरी गेल्यावर ते बघणारच ना? पुढच्या आठवड्यात सोडतील. कुबेन म्हणतो, त्याआधी दुसरी टाकी भरतो, टाकीवाल्यांच्या मंडळातले सगळे एकेक मासा देतील, अंकलला कळणारही नाही. मी म्हटलं, वेडा आहेस का, त्याला प्रत्येकाचा खवला ओळखीचा आहे.

डॅडीने तुझ्या लग्नावर पाणी सोडलं, ते या टाकीसाठी. आता ती गेली, हे त्याला सांगायचं मला. ऐकून तो छातीवर हात ठेवून खाली बसला तर? मी रोज आरशासमोर वाक्य बोलून बघते. एकही वाक्य नीट पूर्ण होत नाही.

तुला सुचलं तर सांग. हेमीकरवी सांगितलंस तरी चालेल.

ममा


२ जुलै

प्रिय मिरेल,

डॅडी घरी आला. कुबेनने गाडीतून आणलं. ब्लफच्या चढावर समुद्र दिसला तेव्हा त्याने काच खाली करायला लावली. कुबेन इतका हळू चालवत होता की मागचा माणूस हॉर्न वाजवून शिव्या देत गेला.

पायरीवर मी त्याच्या कोपराला धरलं आणि आरशासमोर ठरवलेलं सगळं विसरले.

"सेल, टाकी गेली."

तो थांबला. मी त्याच्या गळ्यातली शीर बघत होते, उडते आहे ना, नीट उडते आहे ना.

"कधी?"

"तुला नळी घातली त्या दिवशी. वीज गेली होती."

"आणि तू?"

"तुझ्यापाशी होते."

तो आत गेला. आम्ही काच पुसून ठेवली होती, रिकामी. तो समोरच्या कोचावर बसला, नेहमीच्याच जागी. कुबेन मागच्या दारात उभा राहून मला खुणेने विचारत होता, फोन करू का, डॉक्टरला करू का. मी नको म्हणून मान हलवली. कितीतरी वेळ डॅडी त्या काचेकडे बघत राहिला. मी चहा केला, तो निवला. मला वाटलं, आता ओरडेल, निदान रडेल तरी. दोन्हीला मी तयार होते.

मग तो त्या खरखरत्या आवाजात म्हणाला, "योली, उलट झालं असतं तर? तू तिथे असतीस आणि मी इथे?"

"तर काय?"

"मी म्हटलं असतं, आणखी दहा जग ओततो आणि निघतो."

मी म्हटलं, "असं नको बोलूस. नसतास थांबला तू."

तो म्हणाला, "मिरेलला विचार."

मी खोलीतून बाहेर गेले. मला माझा चेहरा त्याला दाखवायचा नव्हता. परत आले तेव्हा तो तसाच बसला होता, पण निवलेला कप दोन्ही हातांत घट्ट आवळून, नजर दाराकडे लावून. इतक्या वर्षांत मी त्याला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. कामावर बॉयलर फुटला तेव्हाही नाही. विषाला किंवा मरणाला तो घाबरला नव्हता, मिरेल. काय बोलून बसलो, याला घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने कुबेनला सांगितलं, मंडळाला बोलव, जादाचं सगळं वाटून टाक. रविवारी चर्चमधल्या मासनंतर लोक आले, हातात बर्फाच्या पेट्या घेऊन. या लोकांत एक रीत आहे, तुला माहीत नसेल. फुकट दिलेल्या प्रवाळासाठी घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. मानले तर ते जगत नाही म्हणे. म्हणून माणसं यायची, डॅडीशी हात मिळवायची, काहीच न बोलता पेटी उचलून जायची. डॅडी फाटकाशी खुर्चीवर मास्क लावून बसला होता, टबाच्या जवळपासही फिरकायची त्याला परवानगी नव्हती. कुणाला कुठला तुकडा, ते तो बोटाने दाखवायचा. बटणं सगळी कुबेनने घेतली, झाकणं घट्ट लावून. शेवटी काळ्या टबात नुसतं पाणी राहिलं. कुबेन म्हणाला, "अंकल, एक तरी ठेवा." डॅडीने मान हलवली, मास्कसकट उठून थेट गॅरेजच्या भिंतीजवळ गेला आणि पंपाचा प्लग स्वतः काढला.

घर इतकं शांत झालं की मी दचकले. तू जन्मलीस तेव्हापासून या घरात काही ना काही गुरगुरत होतं. आता दुपारी तो झोपला की मला फक्त त्याचा श्वास ऐकू येतो, आणि तो जरा लांबला की मी हातातलं विणकाम टाकून जाऊन उभी राहते.

त्याने तुला फोन केला होता. तू उचलला नाहीस. त्याने पुन्हा केला. मग मला म्हणाला, तिला लिही की मी फोन केला होता, आणि का, तेही लिही. मी विचारलं, का केला होतास? त्याला सांगता आलं नाही. म्हणून पायरीपासूनचं सगळं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. तू काय ते ठरव. क्षमा कर, असं मी म्हणणार नाही, ते माझं काम नाही.

आता तो आत पलंगावर झोपला आहे. फोन छातीवर ठेवला आहे, आवाज शेवटपर्यंत वाढवून. श्वासाबरोबर फोन वर जातो, खाली येतो. मी दारातून बघते आहे. तो वाजला तर दचकून त्याच्या हृदयाला काही होईल, अशी मला भीती वाटते. तरी मी त्याचा आवाज कमी करणार नाही.

ममा